सान जेमोलोचा मुका भोंगा

या, मंडळी, या. भिंतीला टेकलेत ते पुढे सरका. दाराशी उभे आहात ते काका, आत या आणि दार लोटून घ्या, डोंगरावरचं वारं झोंबतंय. बसलात सगळे? मग ऐका. आज एका चोरीची गोष्ट सांगतो. त्या चोरीत सोनं गेलं नाही, चांदी गेली नाही. गेला एक जुना लोखंडी भोंगा, आणि त्याच्यामागून एका भल्या माणसाची अब्रू जायला निघाली. सांगता सांगता माझा आवाज चढला तर सांभाळून घ्या. देवाचं नाव घेणाऱ्याने रागावू नये, असं म्हणतात. पण अन्याय बघून ज्याचं पित्त खवळत नाही, त्याच्या तोंडात देवाचं नाव तरी काय शोभणार?

१

आमचं शहर वारेसे, मिलानच्या उत्तरेला, डोंगराच्या पायथ्याशी. आमच्या शहराचं नाव आडनाव म्हणून लावणारा एक संगीतकार पॅरिसात जन्मला आणि सातासमुद्रापार जाऊन मोठा झाला. ढोल, झांजा, घणाचे घाव आणि चक्क भोंगे वाजवून त्याने जुन्या संगीताची झोप उडवली म्हणतात. त्याने आमच्या गावात कधी पाऊल टाकलं का, हे कुणालाच सांगता येत नाही. पण नाव एकच ना! तेवढ्या भांडवलावर लेआंद्रो व्हिजेन्तिन नावाचे एक गृहस्थ व्हेनेतोकडून इथे आले आणि त्यांनी त्या संगीतकाराच्या नावाने महोत्सव मांडला. भिंतीभिंतीवर कागद लागले. लोक वाचायचे आणि पुढे जायचे.

मग व्हिजेन्तिननी जाहीर केलं की महोत्सवाच्या सभेत सान जेमोलो चर्चच्या मनोऱ्यातला, लढाईच्या काळातला इशाऱ्याचा खराखुरा भोंगा वाजेल. तिथले फादर इलारियो स्वभावाने भोळे, त्यांनी होकार दिला. चर्चचा सेवेकरी फेर्मो तालामोना मात्र भडकला. फेर्मो मनोऱ्याच्या पायथ्याशी एका खोलीत राहायचा, घंटा वाजवायचा, मेणबत्त्या लावायचा. कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात सगळ्यांसमोर तो म्हणाला, "विमानाच्या कारखान्यावर बॉम्ब पडत होते ना, तेव्हा तो भोंगा माझ्या आईने फिरवलाय. लोकांना वाचवायला. टाळ्या घ्यायला नाही! त्यापेक्षा नेऊन तळ्यात बुडवीन."

रागात माणूस काय काय बोलतो. पण भिंतींना कान असतात, आणि दुकानाला तर जास्तच.

ईस्टरआधीचा उपासकाळ चालू होता. वेदीवर फुलं नव्हती. शनिवारी सकाळी एर्सीलिया मेंतास्ती चर्चमागच्या खोलीत गाण्याच्या वह्या लावत बसली होती. ही एर्सीलिया म्हणजे एकेकाळची शहर पोलीस. चौकात उभी राहून शिट्टी मारायची तेव्हा महापौरांची गाडीसुद्धा थांबायची. निवृत्त होऊन नवरा गेल्यावर ती चर्चच्या गाण्यात रमली, पण गल्लीत अजून तिला शिट्टीबाईच म्हणत.

शेजारी फादर इलारियोंना नेपल्सहून आलेली एक म्हातारी विधवा फैलावर घेत होती.

"काल माझ्या नवऱ्याचा वर्षाचा दिवस! त्याच्या आत्म्यासाठी एक मिस्सा मागितली तर तोंडावर नाही म्हणालात. नेपल्सला माझा भाऊ रोज मिस्साला जातो, रोज!"

"अहो मावशी, किती वेळा सांगू? तुमच्याकडे रोमची रीत, आमच्याकडे मिलानच्या सेंट अँब्रोजची. उपासकाळातल्या शुक्रवारी आमची वेदी उपाशी असते. मिस्सा नाही, प्रसाद नाही. माझी आई स्वर्गातून उतरून आली तरी मी देऊ शकत नाही."

"मग काल संध्याकाळी गाणी कसली चालली होती?"

"ती क्रूसाची वाट, मावशी. चौदा चित्रांपुढे थांबत थांबत जायचं आणि येशूचं दुःख आठवायचं. तुम्ही पण या ना पुढच्या शुक्रवारी."

"मला माझंच दुःख पुरे आहे!" म्हणून म्हातारी फणकाऱ्याने निघाली, तोच मनोऱ्याच्या जिन्यावरून आरडाओरडा ऐकू आला. भोंगा न्यायला व्हिजेन्तिन आणि त्यांचे दोन वादक वर गेले होते. व्हिजेन्तिन धापा टाकत खाली आले.

"गेला! माळ्यावर नुसती ताडपत्री पडलीय. भोंगा चोरीला गेला!"

फेर्मो घंटेच्या दोराशी उभा होता. त्याच्या हातातला दोर सुटला. व्हिजेन्तिन त्याच्याकडे बोट रोखून म्हणाले, "आता कशाला दचकतोस? काल संध्याकाळी, प्रार्थना चालू असताना, तूच पाठीवर पोतं घेऊन या जिन्यावरून उतरलास. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय!"

२

पुढे जे झालं ते सांगायला माझी जीभ रेटत नाही, पण सांगितलंच पाहिजे.

फौजदार कोझिमो आला. दक्षिणेकडच्या पुलियाचा, नुकताच बदलून आलेला, कोवळा आणि घाईचा. शुक्रवारी क्रूसाची वाट चालू असताना फेर्मो मध्येच बाहेर गेला होता हे खरं होतं. त्याला खोकल्याची उबळ आली होती. ती बघायला बाहेर कोण होतं? कुणी नाही. मनोऱ्याचं कुलूप शाबूत होतं आणि किल्ली फेर्मोच्या कमरेला होती. दुसरी किल्ली फादरांकडे. "आणि ती मी मोजमाप घ्यायला व्हिजेन्तिन साहेबांना दिली होती," असं फादर म्हणाले. पण ज्याला भोंगा हवा होता तोच तो कशाला चोरील, असं म्हणून सगळ्यांनी ते कानाआड केलं. कोझिमोने फेर्मोला गाडीत घालून चौकीवर नेलं आणि भोंगा सापडेना म्हणून रात्री सोडलं.

दोन दिवसांत मिलानच्या वर्तमानपत्रात फेर्मोचा फोटो आला. वर मथळा: 'कलेचा शत्रू'. टीव्हीवाले आले. ज्या सभेला कुत्रं फिरकत नव्हतं, तिची तिकिटं संपली. आणि आपली माणसं? ज्यांच्या लग्नात फेर्मोने घंटा वाजवल्या, ज्यांच्या आईबापाच्या मयताला शवपेटी खांद्यावर घेतली, ती माणसं त्याला बघून रस्ता ओलांडू लागली. चर्चच्या पंचांनी बैठक घेऊन निरोप धाडला की पुढच्या रविवारच्या आत खोली रिकामी कर. चौकशी नाही, विचारपूस नाही. एका कोटवाल्या माणसाने बोट दाखवलं आणि उभ्या जन्माची सेवा पाण्यात गेली!

एर्सीलियाला ते कळलं तेव्हा ती चुलीवर पोलेंता घोटत होती. मक्याचं ते पीठ सारखं हलवावं लागतं, सोडलं की करपतं. तिने ते तसंच सोडलं, अंगात कोट चढवला आणि तडक फेर्मोच्या खोलीवर गेली.

फेर्मो खोक्यात भांडी भरत होता.

"काय चाललंय हे?"

"आवरतोय. लुइनोला बहीण आहे, तिच्याकडे जाईन."

"चोरी केलीस?"

"नाही."

"मग आवरतोस कशाला, मूर्खा?"

"शिट्टीबाई, कुणाकुणाला सांगत फिरू? एकाला सांगितलं तर दुसरा हसतो."

एर्सीलिया खुर्ची ओढून बसली. तिचं लक्ष चुलीशेजारच्या खुंटीकडे गेलं. तिथे कढईच्या बाजूला लोखंडाचं एक वाकडं हँडल लटकत होतं, टोकाला झिजलेली लाकडी मूठ.

"हे कसलं?"

"त्या भोंग्याचंच. पोरं माळ्यावर चढून फिरवायची आणि गल्लीतल्या म्हाताऱ्यांची छाती धडधडायची. म्हणून आईने ते काढून इथे टांगलं. मीही तसंच ठेवलं."

"म्हणजे याच्याशिवाय भोंगा वाजत नाही?"

"मुका तो. हे घातल्याशिवाय हूं की चूं करत नाही."

एर्सीलिया खुंटीकडे बघतच राहिली. ज्याला भोंगा वाजू द्यायचा नाही आणि ज्याच्या घरात हँडल लटकतंय, तो माणूस पोत्यात लोखंड भरून जिने कशाला उतरेल? हे हँडल तळ्यात फेकलं असतं तरी काम झालं असतं!

"फौजदाराला सांगितलंस का हे?"

"त्याने विचारलंच नाही."

"आणि तू सांगितलं नाहीस! देवाने तुला तोंड खोकायला दिलंय का नुसतं?" ती उठली. "खोकी सोड ती. आणखी कुणाला हवा होता हा भोंगा?"

फेर्मोने खाली बघत एक नाव सांगितलं. तो माणूस एर्सीलियाच्या सख्ख्या जावेचा भाऊ होता.

३

जेर्वाझो ओस्सोला जन्मभर तंबाखूचे पाइप कोरत आला होता. आमच्याकडचे लाकडी पाइप जगभर जातात, आणि जेर्वाझोच्या हातचा पाइप ओढणारा दुसऱ्याला हात लावत नसे. म्हातारपणी त्याला लढाईतलं भंगार जमवायचा नाद लागला. त्याच्या गोठ्यात गाय नव्हती. शिरस्त्राणं होती, कंदील होते, विमानाचं एक चाकसुद्धा होतं.

"तपासायला आलीस?" तो दारातच गुरगुरला. "तपास! गवतही उपसून बघ!"

"जेर्वाझो, नातं आहे म्हणून दारातून विचारते. भोंगा तुला हवा होता ना?"

"कित्येक वर्षं मागतोय. फेर्मो देत नाही. आईची आठवण आहे म्हणतो. बरोबरच आहे त्याचं."

"मग तूच नेलास का?"

म्हाताऱ्याने पाइप दातांतून काढला. "बाई, तुझी अक्कल पेन्शनीत गेली वाटतं. मी नेला असता, तर आधी फेर्मोच्या खुंटीवरचं हँडल नेलं असतं. मला दाखवलंय त्याने. त्याच्याविना तो भोंगा म्हणजे दांडा नसलेली कुऱ्हाड. मी काय लोखंडाचे नुसते गोळे जमवतो?"

"हँडलचं तुला ठाऊक होतं तर!"

"भोंगा वाजवायला मागितला की फेर्मो पहिल्यांदा हँडल दाखवायचा आणि मग नाही म्हणायचा. ज्याने ज्याने म्हणून तो वाजवून बघायचा हट्ट धरला, त्या सगळ्यांना ठाऊक आहे."

एर्सीलिया गोठ्याच्या दारातच थबकली.

फेर्मोला हँडलचं ठाऊक. जेर्वाझोला ठाऊक. दोघांपैकी कुणी भोंगा नेला असता, तर ते खुंटीवर राहिलंच नसतं. म्हणजे नेणाऱ्याला त्याचा पत्ताच नव्हता. त्याने भोंगा कधी वाजवून पाहिला नव्हता. वाजवून दाखव, असंही कधी म्हटलं नव्हतं.

आणि गावभर डांगोरा पिटणारा तो संगीतवाला! भोंग्याचा आवाज कसा आहे, बारीक की जाड, चढा की उतरता, हे त्याने एकदा तरी फेर्मोला विचारलं होतं का? गाणारा माणूस तंबोरा न लावताच बैठकीला बसतो काय?

"जेर्वाझो," ती हळूच म्हणाली, "तो भोंगा वाजण्यासाठी नव्हताच. हरवण्यासाठीच होता."

४

पण संशय म्हणजे पुरावा नव्हे, हे जुनी पोलीस विसरली नव्हती. ती कोपऱ्यावरच्या कार्लीनाच्या दुकानात आली. कार्लीनाने तिच्यापुढे कॉफी ठेवली, शेजारी बशीत कुरूप-पण-गोड नावाची हेझलनटची बिस्किटं.

"खा. तुझं तोंड या बिस्किटांसारखं झालंय."

"त्यातलं गोड कुठाय?"

"ते तुझ्या नवऱ्याला ठाऊक होतं," कार्लीना हसली. मग आवाज खाली करून म्हणाली, "फेर्मोसाठी जीव तुटतो गं. पण काय करणार, त्या साहेबांनी डोळ्यांनी पाहिलंय म्हणतात."

"तू काय पाहिलंस? शुक्रवारी दुपारी, प्रार्थनेच्या आधी?"

"मी? काही नाही. नेहमीचंच. तेच साहेब आपल्या ढोलाची ती चाकाची पेटी ओढत चढावरून गेले आणि परत आले. महिनाभर तेच तर चाललंय, ढोल ने, ढोल आण. आमच्या फरशीच्या रस्त्यावर ती पेटी काय खडखडते! मी ओरडलेसुद्धा, साहेब, गिऱ्हाइकांचे कान फाटतील."

"मग?"

"मग काही नाही. येताना शहाण्यासारखे गुपचूप गेले. पेटीचा आवाजच नाही. मला वाटलं, माझं बोलणं लागलं वाटतं."

एर्सीलियाच्या हातातलं बिस्किट तसंच राहिलं. "कार्लीना, रिकामा टांगा कसा वाजतो?"

"खडखड."

"आणि भरलेला?"

कार्लीनाने ओठांवर हात ठेवला. "अगं बाई!" मग ती लगेच उसळली. "म्हणजे माझ्या नाकासमोरून... आणि मी त्याला कॉफी पाजली! वर साखर जास्त दिली!"

"कुणाजवळ बोलू नकोस."

"बोलू नकोस? मी त्याच्या डोक्यात किटली घालीन!"

"त्याआधी मला त्याच्या तोंडून काहीतरी काढून घेऊ दे," एर्सीलिया म्हणाली. "खोटं बोलणाऱ्याला थोडं लाडाने विचारावं. तो आपणहून सजवायला लागतो."

५

नाट्यगृहात व्हिजेन्तिन खुशीत होते. समोर वर्तमानपत्रं पसरलेली, मागे वादक झांजा लावत होते. कोपऱ्यात ढोलाच्या पेट्या एकावर एक रचल्या होत्या.

"मी चर्चच्या गाणाऱ्यांपैकी," एर्सीलिया आवाजात साय आणून म्हणाली. "आम्हाला फार वाईट वाटतंय. आमच्या माणसाने तुमचं एवढं नुकसान केलं."

"तुमची काय चूक, बाई. छोट्या गावांत हे चालायचंच. नव्याला भितात लोक." त्यांनी सुस्कारा सोडला. "पण बघा, साऱ्या देशाला आता कळलंय."

"आम्ही गाणारे वेदीकडे तोंड करून असतो, मागे काय चाललं ते दिसत नाही. तुम्ही कुठे उभे होतात?"

"अगदी शेवटच्या खांबापाशी. मला भोंगा बघायचा होता, पण मिस्सा चालू होती. मध्ये जाणं बरं दिसत नाही. मी देवाधर्माचा नसलो तरी मान ठेवतो."

एर्सीलियाने डोळे खाली घातले. "नाहीतर कोण ठेवतं हल्ली! मग?"

व्हिजेन्तिनना श्रोता मिळाला होता. कलावंतच तो, रंगत गेला. "लोक प्रसादासाठी रांगेत उभे होते. एक म्हातारी काठी टेकत पुढे गेली. फादर एकेकाच्या हातावर प्रसाद ठेवत होते, सगळ्यांचं लक्ष तिकडे. बरोबर तेव्हाच तो मनोऱ्याच्या जिन्यावरून उतरला आणि बाजूच्या दारातून सटकला. पाठीवर पोतं, आत काहीतरी जड. मी फौजदारांना हेच जसंच्या तसं सांगितलंय."

"फौजदारांनाही हेच?"

"शब्दन् शब्द."

"आणि हे शुक्रवारीच? गुरुवारी नाही ना?"

"शुक्रवारी. अहो, गुरुवारी तर मी मिलानला होतो."

एर्सीलियाला वाटलं, उठून याच्या कानाशी शिट्टी मारावी. पण तिने हात मांडीवर दाबून धरले. "साहेब, एक विनंती. उद्या पुन्हा शुक्रवार. संध्याकाळी तुम्ही चर्चमध्ये याल का? सगळ्यांसमोर त्याच खांबाशी उभे राहून दाखवा. म्हणजे फेर्मोवर अजून दया करणाऱ्यांचे डोळे उघडतील. टीव्हीवाल्यांनाही आणा."

टीव्हीचं नाव निघताच व्हिजेन्तिनचा चेहरा उजळला. "आणतो की!"

६

शुक्रवारी संध्याकाळी सान जेमोलोत पाय ठेवायला जागा नव्हती. पंच पहिल्या बाकावर. फेर्मो एका बाजूच्या कोनाड्यात, मान खाली. व्हिजेन्तिन शेवटच्या खांबाशी, शेजारी कॅमेरा. फौजदार कोझिमोला एर्सीलियाने दंडाला धरून आणलं होतं.

"फौजदार साहेब, तुमच्या साक्षीदाराने काय पाहिलं ते तुम्हीही बघा. मिस्सा चालू असेल, लोक प्रसादाच्या रांगेत असतील, तेव्हा बाजूचं दार कसं दिसतं, ते नीट तपासा. मी शेजारीच आहे."

"बरं," कोझिमो म्हणाला.

घंटा वाजली. फादर इलारियो काळ्या झग्यात आले. वेदी उघडी होती, तिच्यावर ना वाटी, ना मेणबत्ती. एकाने लाकडी क्रूस उचलला आणि सगळे पहिल्या चित्राकडे वळले. मग दुसऱ्या. गाणं, गुडघे टेकणं, पुन्हा गाणं. कोझिमोने घड्याळाकडे पाहिलं. तिसरं चित्र, चौथं.

"प्रसादाची रांग लागली की सांगा हं," एर्सीलिया म्हणाली.

शेवटच्या चित्रापाशी फादरांनी आशीर्वाद दिला आणि लोक कोट चढवू लागले.

"संपलं?" कोझिमो गोंधळला. "आणि मिस्सा?"

"फादर!" एर्सीलियाचा आवाज घुमटावर आदळला. चौकातला जुना आवाज होता तो. "फौजदार साहेब मिस्सा कुठाय विचारताहेत!"

फादर वळले. "आज? आज शुक्रवार. उपासकाळातल्या शुक्रवारी सेंट अँब्रोजच्या रीतीत मिस्सा कशी असेल? प्रसादही नाही. कधीच नसतो."

"गेल्या शुक्रवारी?"

"गेल्या शुक्रवारीही नव्हता! त्यावरून नेपल्सच्या मावशी अजून माझ्याशी बोलत नाहीत."

"नाहीच बोलणार!" मावशी बाकावरून म्हणाल्या.

कुणी हसलं नाही. हळूहळू सगळी डोकी शेवटच्या खांबाकडे वळली. एर्सीलिया व्हिजेन्तिनसमोर जाऊन उभी राहिली.

"काठी टेकत प्रसादाला गेलेली ती म्हातारी दाखवा. मला तिच्या पाया पडायचंय. साऱ्या वारेसेत त्या दिवशी तिला एकटीलाच प्रसाद मिळाला!"

"मी... प्रार्थना होती एवढंच मला... माझी चूक झाली असेल..."

"चूक माणसाच्या बघण्यात होते. तुम्ही न बघितलेलं रंगवून सांगितलंत. या खांबाशी तुम्ही आज पहिल्यांदा उभे राहिलात. आणि फौजदार साहेब, हा माणूस तुम्हाला हेच सांगत होता, शब्दन् शब्द. तुम्ही ऐकलंत आणि फेर्मोला गाडीत घातलंत!"

कोझिमोचे कान लाल झाले. "बाई, आमच्या गावाकडे शुक्रवारीही मिस्सा असते. मला काय ठाऊक..."

"ठाऊक नव्हतं तर विचारायचं! इथे दारोदार माणसं आहेत, कुणालाही विचारायचं. पण मथळा हातात होता ना तयार." तिने श्वास घेतला. "आता पुढचं ऐका. भोंग्याचं हँडल फेर्मोच्या खुंटीवर आहे, आजही. फेर्मोला भोंगा गप्प करायचा असता तर ते लपवलं की झालं. जमवणाऱ्याला हवा असता तर त्याने हँडल आधी नेलं असतं. ज्याने नेला त्याला हँडल असतं हेच ठाऊक नव्हतं. संगीतकार म्हणवतो आणि वाद्याचा आवाज एकदाही ऐकला नाही! कारण त्याला आवाज नकोच होता. बोंब हवी होती. तिकिटं खपत नव्हती, म्हणून गावातला एक गरीब माणूस खलनायक करायचा आणि आपण कलेचे हुतात्मे व्हायचं. शुक्रवारी दुपारी ढोलाची पेटी खडखडत चढावर गेली आणि मुकी होऊन परत आली. कार्लीनाने ऐकलंय."

"या दोन कानांनी!" कार्लीना गर्दीतून ओरडली. "आणि माझी साखर परत कर!"

"मोठ्यात मोठ्या ढोलाची पेटी उघडा, फौजदार साहेब. आत्ता."

व्हिजेन्तिन कॅमेऱ्याकडे वळले आणि तळहाताने भिंग झाकू लागले. आठवडाभर ज्याला हाका मारमारून बोलावलं होतं, त्याच कॅमेऱ्यापासून तोंड लपवायला त्यांना जागा सापडेना.

नाट्यगृहातली पेटी उघडली तेव्हा आत घोंगडीत गुंडाळलेला भोंगा निघाला.

७

तुम्ही म्हणाल, सत्याचा विजय झाला, आता आरती करा. थांबा जरा.

ज्या वर्तमानपत्राने फेर्मोचा फोटो हातभर छापला होता, त्याने खुलासा छापला तो आतल्या पानावर, हवामानाच्या खाली. पंचांनी ठराव मागे घेतला आणि वर स्वतःलाच न्यायी म्हणवून घेतलं. फादर इलारियोंनी मात्र रविवारी वेदीवरून सगळ्यांसमोर सांगितलं, "किल्ली मी दिली होती आणि तोंड मी मिटून बसलो. फेर्मो, मला क्षमा कर."

मिस्सा सुटल्यावर फेर्मोच्या दारात रांग लागली. कुणी केक आणला, कुणी तळ्यातले ताजे मासे, कुणी वाइनची बाटली. फेर्मोने सगळ्यांचे हात हातात घेतले. मग आत जाऊन बांधलेली दोन खोकी बाहेर आणली.

"अरे, आता कुठे?" एर्सीलियाने विचारलं. "खोली तुझीच आहे!"

"खोली मिळाली, शिट्टीबाई. पण या रस्त्याने जाताना मला आता माहीत आहे, कोण कुठून रस्ता ओलांडतो. यांच्यावर माझा राग नाही. व्हिजेन्तिनवरसुद्धा नाही, देव त्याला बुद्धी देवो. पण यांच्या मयताला पेटी खांद्यावर घेताना माझा खांदा आता दुखेल. दुखऱ्या खांद्याने ते काम करू नये."

"तू त्यांना क्षमा केलीस?"

"केली."

"मला जमत नाही," एर्सीलिया म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाजात निखारा.

"तुम्हाला जमायलाही नको. कुणीतरी रागवायला पाहिजे ना."

त्याने खोकी उचलली. रांगेतले लोक केक हातात घेऊन बाजूला झाले आणि त्याला वाट दिली. लुइनोची गाडी दुपारी सुटली. मागाहून दारात ठेवून दिलेल्या त्या केकांना कुणीच हात लावला नाही.

आता सान जेमोलोची घंटा वीज वाजवते. बटण दाबलं की झालं. वेळ चुकत नाही.

मंडळी, आमच्या शहराचं नाव मोठं आहे, आणि त्या संगीतकाराचंही. कुठे ना कुठे ते तुमच्या कानावर पडेल. कुणी त्याच्या संगीताचं कौतुक करील, कुणी आमच्या डोंगराचं. तेव्हा मनातल्या मनात आणखी एक नाव घ्या, तेवढंच मागणं आहे माझं. फेर्मो तालामोना. चोर नव्हता तो. त्याची आठवण ठेवा.